दुधी काचेमागे

मावशीने वायरमनच्या बायकोच्या गालावरून ब्रश फिरवला आणि खुर्ची आरशाकडे वळवली. लिपस्टिक तेवढी राहिली होती. तेवढ्यात दार ढकलून प्रोड्युसर आत आली, तिने आरशात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, हे काय करून ठेवलंत? लग्नाला निघाल्यात का या?"

चॅनलमध्ये लहानथोर सगळे मेकअपवालीला मावशी म्हणत. तिची बहीण कोण आणि भाचरं किती, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तयार करा म्हणालात, तयार केलं."

"तयार म्हणजे अशी नाही हो! कर्जापायी जिचा नवरा घर सोडून गेला ती बाई अशी दिसते का? डोळ्यांखाली काळं करा. ओठ कोरडे पाहिजेत. केसही जरा विस्कटा. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

हे सगळं ती वायरमनच्या बायकोच्या डोक्यावरून बोलत होती, शिंप्यापुढे टाकलेल्या कापडाबद्दल बोलावं तसं. कापड बोललं.

"काळं नको."

"काय?"

"डोळ्यांखाली काळं नको, मॅडम. मी अशीच बसते."

प्रोड्युसरने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ताई, तुम्हाला न्याय पाहिजे ना? मग मावशी करतात ते करू द्या." एवढं बोलून फोनवर कुणावर तरी खेकसत ती बाहेर पडली.

न्याय म्हणे. या इमारतीत पाहुण्याला चहा विचारतात तसा न्याय विचारतात आणि चहाइतकाच पातळ देतात. मावशीला बारा वर्षांत त्याची चव पाठ झाली होती. तिने तपकिरी रंगाची डबी उघडली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"का नको? पाच मिनिटांचं काम आहे. नंतर पुसून देते मी."

"तो बघणार आहे," वायरमनची बायको म्हणाली. "हाच कार्यक्रम बघायचा तो. रोज शिव्या घालायचा, पण बघायचा. जिथे असेल तिथे बघत असणार. त्याला मी बरी दिसले पाहिजे. मेल्या तोंडाने बसले तर त्याला वाटेल, माझ्यामुळे हिची ही गत झाली. मग तो कधीच यायचा नाही, ताई. लाजेनेच गेलाय तो. आणखी लाजवलं तर कसा येईल?"

तिच्या अंगात निळा ड्रेस होता. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. त्यानेच आणलेला, असं तिने खुर्चीत बसल्याबसल्याच सांगून टाकलं होतं.

तिची हकिकत मावशीने सकाळपासून दोनदा ऐकली होती. थोरल्या मुलीच्या दाताच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले म्हणून वायरमनने मोबाइलवरच्या एका ॲपकडून कर्ज घेतलं. व्याज असं की ते फेडायला दुसऱ्या ॲपकडून घ्यावं लागलं आणि दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याकडून. नंतर कळलं, तिन्ही ॲपं एकाच कंपनीची. या खिशातून काढून त्याच माणसाच्या त्या खिशात घालत होता बिचारा. हप्ता चुकल्यावर कंपनीने दारात गुंड पाठवले नाहीत, तेवढीही मेहनत घेतली नाही. त्याच्या फोनमधले सगळे नंबर ॲपने आधीच उचलले होते. त्या एकेका नंबरवर त्याचा फोटो गेला, खाली लाल अक्षरांत 'चोर'. सासऱ्यांना गेला, मुलींच्या शाळेतल्या बाईंना गेला आणि ज्या ज्या घरी तो पंखे लावायला जायचा त्या घरांनाही गेला. वायरमनचं काम म्हणजे परक्याच्या बेडरूममध्ये एकट्याने स्टुलावर चढायचं. चोराला कोण चढू देतो? कामाचे फोन बंद झाले. मग एका सकाळी तो आपला फोन टेबलावर ठेवून घराबाहेर पडला, तो चार महिने झाले तरी आला नव्हता.

मावशीने डबी बंद केली.

"असं करते, डोळ्यांखाली नुसतं बोट फिरवते. मॅडमनी विचारलं तर केलंय म्हणायचं. त्यांना कुठे कळतंय."

वायरमनची बायको हसली. हसल्यावर ती खरंच बरी दिसत होती. ओठाला लिपस्टिक लागणार, तोच बाहेर बुटांचे आवाज आले आणि प्रोड्युसरने पुन्हा दार उघडलं.

"मंत्रीसाहेब आलेत. ताई, तुम्ही बाहेर बाकावर बसा जरा."

मंत्री खुर्ची भरून बसले. दुपारची झोप छान झाली असावी, कारण उजव्या गालावर उशीच्या अभ्र्याचा वळ अजून होता. त्यांनी आरशात स्वतःला न्याहाळलं आणि नाराजीने मान हलवली.

"मावशी, फार ताजातवाना दिसतोय हो मी. जरा थकलेलं दिसू द्या. रात्रभर जागून फायली बघितल्यासारखं."

"डोळ्यांखाली काळं करू?"

"बेताचं. आजारी नको वाटायला."

तर ती डबी मंत्र्यांच्या कामी आली. मावशीने बोटावर रंग घेतला. मंत्र्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि तोंड रंगवून घेताना तो कानाला लावता येईना, म्हणून त्यांनी चाचपडत स्पीकर चालू करून तो आरशाखाली ठेवला. भिंतीलाही कान असतात म्हणतात. मेकअपवालीला असतात हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

"दाजी, काय ठरलं?" फोनमधून आवाज आला.

"ठरायचं काय? समिती नेमतोय."

"अध्यक्ष कोण?"

"तूच सुचव."

दोघंही हसले. मंत्र्यांचे गाल हलले आणि मावशीचं बोट घसरलं. तिने पुसून पुन्हा सुरुवात केली.

"पण आमचं लायसन?"

"त्याला कोण हात लावतंय? तुझी बहीण मला घरात घेईल का मग? तू फक्त आठवडाभर तुझ्या पोरांना आवर. फोटोबिटो पाठवू नका. लोक विसरले की आहेच आपलं पुढे."

"आज कुणी बाई समोर बसवतायत म्हणे. आमचीच गिऱ्हाईक आहे."

मंत्र्यांनी एक डोळा उघडला. "हो का? बरं झालं सांगितलंस. चेहरा दिसला की लोकांना माया येते रे. सावली दिसली की कुणाला काही वाटत नाही. बघतो मी."

त्यांनी प्रोड्युसरला हाक मारली. आता आवाजात एकदम वडीलधारेपणा आला होता.

"हे बघ बाळा, त्या बाईंची ओळख उघड करणं बरं नव्हे. उद्या तिला काही झालं तर? त्या दुधी काचेमागे बसवा. आवाज बदला. नावही घेऊ नका."

"पण साहेब, मग आमचा सगळा परिणामच..."

"तिच्या जिवापेक्षा परिणाम मोठा का? आणि हो, तुमच्या जाहिरातींची फाइल माझ्या टेबलावर आलीय. या आठवड्यात बघतो."

प्रोड्युसर काचेची व्यवस्था करायला गेली. मावशीला शिसारी आली. हाताखाली मऊ, लोण्यासारखं कातडं होतं, त्याला महागड्या साबणाचा वास येत होता. कुंपणच शेत खातं, हे ती लहानपणापासून ऐकत होती. खाऊन ढेकर देतं आणि वर मला थकलेलं दाखवा म्हणतं, हे तिने आज पाहिलं.

मंत्री स्टुडिओकडे गेल्यावर ती लिपस्टिक घेऊन बाहेर आली. वायरमनची बायको बाकावर ताठ बसली होती, ड्रेसला चुण्या पडू नयेत म्हणून.

"ताई, ऐका. तुम्हाला काचेमागे बसवणार आहेत. तोंड दिसणार नाही तुमचं. नुसती सावली."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच ओळखू येणार नाही."

"आणि आवाज?"

"घोगरा करतात. बाई आहे की बाप्या, तेही कळत नाही. मंत्र्यांनी सांगितलंय. तुमच्या सुरक्षेसाठी म्हणे. मेल्यांना..." पुढचं तिने गिळलं. "त्या कंपनीचा मालक त्यांचा मेहुणा आहे. आत्ता माझ्यासमोर बोलणं झालं."

वायरमनची बायको उठली आणि तरातरा जिन्याकडे गेली. जाऊ दे, मावशीच्या मनात आलं, थुंकून जाऊ दे यांच्या नावाने. पण ती कठड्याला हात लावून थांबली.

"मुलींना सांगून आलेय," पाठमोरीच ती म्हणाली. "बाबा बघणार आहेत म्हणून."

मग ती परत येऊन बाकावर बसली आणि तोंड वर केलं.

"लिपस्टिक राहिलीय ना? लावा."

"आता कुणाला दिसणार आहे?"

"लावा हो तुम्ही."

मावशीने लावली. रेघ दोनदा वाकडी गेली, ती तिने पुसून पुन्हा ओढली.

"मला सांगितलंत म्हणून तुमची नोकरी जाईल ना?"

"खड्ड्यात जाऊ दे नोकरी," मावशी म्हणाली. म्हणाली खरी, आणि मग कॉरिडॉरमध्ये कुणी उभं नाही ना, हे मान वळवून पाहून घेतलं.

कार्यक्रम तिने मेकअपरूममधल्या टीव्हीवर पाहिला. मंत्री सुंदर थकले होते. रात्र रात्र झोप येत नाही, असं सांगताना त्यांनी दोन बोटांनी डोळे दाबले, पण रंगाला धक्का लागू दिला नाही. निवेदकाने सगळे कडक प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी त्यांची मऊ उत्तरं दिली. मग दुधी काच दिसली. तिच्यामागे खांदे आणि डोकं असलेला एक काळा डाग होता.

"ताई," निवेदक हळव्या आवाजात म्हणाला, "न घाबरता बोला. काय काय सोसलंत तुम्ही?"

"गीझर तसाच आहे," डाग म्हणाला. आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा.

"कर्जाबद्दल सांगा, ताई."

"आपल्या बाथरूममधला गीझर. तू झाकण काढून ठेवलं होतंस ना, तसाच आहे. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. दुसरा वायरमन बोलावणार नाही मी. पाणी गॅसवर तापवतो. धाकटी रोज विचारते, गीझर कधी होणार. मी म्हणते, होईल की. थोरलीचा दात आता दुखत नाही. आणि गल्लीत कुणी काही बोलत नाही रे, तसले फोटो आता अर्ध्या गल्लीचे आलेत. आम्ही बऱ्या आहोत. मी निळा ड्रेस घातलाय."

निवेदकाने कानातलं यंत्र चाचपलं. त्याला काय बोलावं सुचेना. मंत्र्यांना सुचलं.

"पाहिलंत?" ते जड आवाजात म्हणाले. "माणसाचं भान सुटतं ते असं. गीझर काय, ड्रेस काय... या माउलीला आपण कुठे आहोत हेही कळत नाही. हे बघून मी स्वस्थ बसू शकत नाही. म्हणूनच आज मी समितीची घोषणा करतो. दोषींची गय केली जाणार नाही."

मावशीने हातातला नॅपकिन टीव्हीवर फेकून मारला. टीव्हीला काय होतंय त्याने. समितीचं नाव पट्टीवरून सरकतच राहिलं.

थोड्या वेळाने मंत्री पुन्हा खुर्चीत येऊन बसले. "पुसा लवकर. मेहुण्याकडे जेवायला जायचंय." मावशी पुसू लागली, लागतं त्यापेक्षा जरा जोरातच. वायरमनची बायको आपली पिशवी घ्यायला दारात आली, तशी मंत्र्यांनी आरशातूनच तिच्याकडे पाहून मान हलवली.

"काळजी करू नका, बाई. सरकार तुमच्या पाठीशी आहे. एखाद्या चांगल्या डॉक्टरला मात्र दाखवा."

पिशवी तिला दिसेना. ती समोर खुंटीवरच होती.

तेवढ्यात फोनवर बसणारी मुलगी वैतागून आत आली. प्रेक्षकांचे फोन घेऊन घेऊन तिचा आवाज बसला होता.

"मावशी, त्या काचेमागच्या बाई गेल्या का हो? एका माणसाने डोकं उठवलंय माझं. नाव सांगत नाही, कुठून बोलतो ते सांगत नाही. एकच धोशा. म्हणे, त्यांना सांगा, गीझरचं बाहेरच्या बोर्डावरचं मोठं बटण बंद करून ठेवा, वायर उघडी आहे, पोरी ओल्या हाताने जातात."

मंत्री खो खो हसले. "आज वेड्यांची साथच आलीय वाटतं! ठेवून द्या की फोन."

"ठेवला होता, साहेब. त्याने परत केला," मुलगी म्हणाली. "आता म्हणतो, बटण बंद केलं का ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी ठेवणार नाही."