हिरवी माती पक्ष, गळालेल्या कलमांच्या क्रमाने

पक्षाचा कार्यक्रम पाच कलमांचा होता. इथे तो एक ते पाच असा दिलेला नाही. कलमं ज्या क्रमाने गळाली, त्या क्रमाने दिला आहे. पक्षाचा इतिहास दुसऱ्या कुठल्याही क्रमाने सांगितला तर तो खोटा होतो.

*कलम चार. नदीतली वाळू उपसणाऱ्यांकडून पक्ष कसलीही मदत घेणार नाही.*

हे सगळ्यात आधी गेलं.

पक्ष निघाला दुष्काळात, मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर. बाहेर हमरस्त्यावर टँकर उभे होते आणि आत सगळ्यांना एकदम वाटलं की आता झाडांशिवाय पर्याय नाही. अध्यक्ष झाले बद्रीनाथ. तेलगावकडच्या एका गावचे बागायतदार. त्यांच्याकडे गाडी होती आणि त्यांना बोलता येत होतं. चिटणीस झाली त्यांच्याच गावची पंचशीला. शेतीची पदविका घेतलेली, कृषी सेवा केंद्रात कामाला. तिला लिहिता येत होतं. पाचही कलमं तिने लिहिली. झेंड्यावर कडुनिंबाचं झाड आलं तेही तिच्या सांगण्यावरून.

पहिल्या मेळाव्याला माणसं आणायला वाहनं लागली. ज्याच्याकडे टिपर रिकामे होते, त्याचा धंदा वाळूचा होता. माणसं टिपरमधून आली. उतरली तेव्हा त्यांच्या पँटींना मागून वाळू लागलेली होती आणि ती तशीच ‘नदी वाचवा’ म्हणत मंडपात गेली.

*कलम तीन. दोनशे फुटांखालचे बोअर बंद करावेत.*

अध्यक्षांच्या शेतात बोअरची गाडी आली. दिवसभर नुसता फुफाटा उडत होता. शेवटी खूप खाली कुठेतरी पाणी लागलं. पेढे वाटले गेले. पुड्यावर पक्षाचं कडुनिंब छापलेलं होतं.

किती फूट, हे कुणी विचारलं नाही. पेढा तोंडात असताना असं विचारता येत नाही.

*कलम दोन. गावात टँकर चालू असेपर्यंत नवीन ऊस लावू नये.*

हे कसं गेलं ते कळायला तेलगावच्या रस्त्याने एकदा जाऊन यावं. दोन्ही बाजूंचा ऊसच सांगेल.

(इथे इतिहास थोडा थांबवून एक गोष्ट नोंदवायला हवी. यातलं एकही कलम सभा घेऊन रद्द झालं नाही. मोबाईलवर जे पत्रक फिरायचं, त्यातून ती एकेक करून दिसेनाशी झाली. पंचशीलाने एकदा विचारलं. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, ताई, आधी निवडून येऊ, मग पर्यावरण.

मग ती पक्षात राहिली कशाला? तिच्या बापाला, माणिकरावला, गावच्या कुठल्याही बैठकीत कधी खुर्ची मिळाली नव्हती. मरेपर्यंत तो पायरीशी उभा राहून ऐकायचा. तिला व्यासपीठावर खुर्ची होती. एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.)

*कलम पाच. गायरानं झाडांसाठी राखावीत.*

कामाचं असं हे एकटंच उरलं. उरलं, आणि फुगून अख्खा पक्ष झालं.

कारण सोपं होतं. या कलमाचा अध्यक्षांना काहीच खर्च नव्हता. गावचं गायरान बौद्ध घरं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली होती. सातबारा सरकारचा, घाम यांचा. एके काळी त्यांच्या उभ्या बाजरीत गावाने जनावरं सोडली होती. आता जनावरं सोडायची गरज नव्हती. आता पर्यावरण होतं.

पंचशीलाच्या घरचा तुकडा त्यातच. तिची आई पारूबाई तिथे मूग, तूर, बाजरी घेते. माणिकरावने ती जमीन धरली तेव्हा पहिलं काम केलं ते बांधावर कडुनिंब लावण्याचं. खांद्यावर पाणी वाहून जगवले. कागद नसलेली माणसं असंच करतात. झाड वाढतं आणि किती वर्षांपासून कसतो आहोत ते सांगतं. कुणी हुसकवायला आलं की तो बुंध्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, ह्याला इचारा.

पक्षाने गायरानाची पाहणी केली. कार्यकर्ते फोटो काढत फिरले. गावात बाकी सगळीकडे बांध साफ होते. उसाला सावली नको म्हणून बागायतदारांनी बोरी, बाभळी, कडुनिंब सगळं तोडून टाकलं होतं. झाडं मिळाली ती पारूबाईच्या बांधावर. अहवालात लिहिलं गेलं: ‘गायरानावर दुर्मीळ नैसर्गिक झाडोरा शिल्लक असून अतिक्रमणामुळे तो धोक्यात आहे.’

पंचशीलाने ते वाचलं आणि अध्यक्षांच्या घरी गेली. झाडं नैसर्गिक नाहीत, माझ्या बापाने लावली आहेत, असं तिने सांगितलं. अध्यक्षांनी चहा मागवला. ते म्हणाले की झाड कुणी लावलं याला महत्त्व नसतं, झाड सगळ्यांचं असतं. तिथे देवराई होईल, फलकावर माणिकरावांचं नाव टाकू. मोबदला म्हणून पारूबाईला रोपवाटिकेत कामाला घेऊ.

“आन्‌ तुमच्या बांधावर?” तिने विचारलं.

“तिथं ऊस हाय ना, ताई. ऊस बी हिरवाच असतो.”

चहा तिने प्यायला. तो गोड होता याचा तिला नंतर कित्येक दिवस राग येत राहिला.

*ग्रामसभा. (हे कलम नाही.)*

गायरानाचं काही करायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. सरपंच होत्या वनमालाबाई, बद्रीनाथांच्या भावजय. ठराव मात्र अध्यक्षांनी स्वतः लिहिला आणि तिथे त्यांना मोह आवरला नाही. पक्षाचं नाव एकदा तरी सरकारी कागदावर यावं, असं त्यांना फार वर्षांपासून वाटत होतं. म्हणून नुसतं ‘गायरानावर झाडं लावावीत’ एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. त्यांनी लिहिलं: ‘हिरवी माती पक्षाचा कार्यक्रम हे गाव स्वीकारत आहे व त्यानुसार गायरान मोकळं करत आहे.’

मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. बागायतदार झाडून हजर होते. वनमालाबाईंनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगणार, तोच पंचशीला उठली. ती म्हणाली, मी पक्षाची चिटणीस आहे, माझा ठरावाला पाठिंबा आहे. अध्यक्षांनी मान डोलावली. पारूबाई बायकांच्या मागे बसली होती. तिने पदर तोंडाशी नेला.

मग पंचशीलाने पक्षाची छापलेली पहिली पुस्तिका काढली. गाव कार्यक्रम स्वीकारतं आहे तर तो गावाला माहीत असावा, असं म्हणून ती वाचू लागली. दोनशे फुटांखालचे बोअर बंद. टँकर चालू तोवर नवा ऊस नाही. वाळूवाल्यांची मदत नाही. ग्रामसेवकाकडे वळून तिने ही कलमं सभा घेऊन कधीच रद्द झालेली नाहीत, हे लिहून घ्यायला सांगितलं.

आधी हसू फुटलं. मग ज्यांच्या बोअरला यंदाच पाणी लागलं होतं ते हसायचे थांबले.

“बद्री, हे तुझ्या पक्षाचं हाय का बे?” मागून एकाने विचारलं.

अध्यक्ष उठून म्हणाले की ते जुनं आहे.

“मंग नवं कंचं? आमी हात वर करावा आन्‌ उद्या हिनं बोअरवर नोटीस आणावी?”

कुणी म्हणालं, पक्ष काढला म्हणून कुणी आपल्याच बोअरची मोटार बंद पाडतं का. वनमालाबाईंनी दोनदा शांत राहायला सांगितलं. गायरान मोकळं व्हावं असं मनापासून वाटणाऱ्या प्रत्येक माणसाने उसासाठी ठरावाविरुद्ध हात वर केला. ठराव पडला. पंचशीलाने एकटीने बाजूने हात वर केला होता.

संध्याकाळी अध्यक्ष पारूबाईच्या दारात आले. आत आले नाहीत. चढ्या आवाजात बोलले नाहीत. चिटणीसपद गेलं, एवढं सांगितलं. मग म्हणाले,

“पुढच्या ठरावात पक्षाचं नाव नसंल, पंचशीला. नुसती झाडं असतील. तुमच्या बांधावरची.”

बोलण्यातली ‘ताई’ गेली होती.

*कलम एक. प्रत्येक सदस्याने एक झाड लावावं आणि जगवावं.*

हे आजही पत्रकात आहे. याला कुणाचीच हरकत नसते.

सकाळी पारूबाईने कुऱ्हाड काढली. पंचशीला बांधावर पोचली तेव्हा पहिल्या कडुनिंबाला खाच पडलेली होती आणि ओली साल चपलेखाली येत होती. तिने आईचा हात धरला. ती म्हणाली, बापाची झाडं हायत, आणि विनापरवाना तोडली तर दंड होईल. तक्रार करायला पक्ष टपूनच बसला असेल.

“करू दे की,” पारूबाई म्हणाली. “दंडाची पावती मिळंल. तिच्यावर ह्या रानाच्या पुढं माझं नाव असंल. तुज्या बापाला जल्मात मिळालं न्हाई ते.”

“आन्‌ सावली?”

“सावलीनंच घात केला. दोर धर.”

बांधावर दोर पडला होता, शेंड्याला आधीच बांधलेला. रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल थांबली. तिच्यावरच्या माणसाने मोबाईल वर धरला. पंचशीलाने त्याला ओळखलं. झेंडा त्यानेच शिवून आणला होता.

तिने त्याच्याकडे तोंड केलं, त्याला चेहरा नीट दिसेल असं, आणि दोर ओढला.