बुधवारची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे आणि गेली कित्येक वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी आहे. वर्गात दंगा केल्यावर तुम्हाला करतात तसली शिक्षा मला झालेली नाही. उलट माझं तोंड भिंतीकडे फिरलं तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस होता. तेच सांगायचं आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्या जातीचं कोणी पाहिलेलं नसणार, म्हणून आधी माझं काम सांगते. मेण लावलेला एक पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाईपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाईप केलं की अक्षरांच्या जागी मेण कापलं जातं. तो कागद माझ्या पोटातल्या ड्रमवर चढवायचा, हँडल फिरवायचं, की कापलेल्या जागांतून शाई उतरते आणि एकाच मजकुराच्या शेकडो प्रती निघतात. विजेची गरज नाही. गरज लागते ती फक्त एका धडधाकट हाताची.

कारखान्यातून मी आले तेव्हा करड्या रंगाची आणि चकचकीत होते, हँडलच्या लाकडी मुठीला काळं पॉलिश होतं. माझी पहिली नोकरी एका शाळेच्या कचेरीत झाली. तिथे मी परीक्षांचे पेपर छापायचे, त्यामुळे मुलं माझ्यावर दात धरून असत. पुढे शाळेत नवी मशीन आली आणि मला जिन्याखाली ढकलून दिलं. माझ्या एका चाकाचा दात तुटला होता, एवढाच माझा गुन्हा. झाडू, बादल्या आणि मी, अशी तीन वर्षं काढली.

एक दिवस कचेरीतल्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून शाळेने किल्लीवाल्याला बोलावलं. हा माणूस कुलपाशी बोलल्यासारखा काम करायचा. डोळे मिटून उजव्या हाताच्या दोन बोटांनी तार फिरवायचा आणि कुलूप उघडायचं. कपाट उघडून परत निघाला, तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही टाकून देणार असाल तर मला द्या," तो म्हणाला. "माझ्या बायकोला हवी आहे. तिला अजून माहीत नाही, पण हवी आहे."

त्याने मला हातगाडीवरून घरी नेलं, तुटलेल्या दाताच्या जागी कानशीने घासून नवा दात बसवला आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं.

त्याची बायको एका कचेरीत टायपिस्ट होती. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. बाई रोज सकाळी कामावर जाण्याआधी पवित्र शास्त्रातला त्या दिवशीचा उतारा वाचायची आणि त्यावर एका वहीत चार ओळी लिहायची. चर्चमधल्या मंडळीच्या पाळकांनी ती वही एकदा पाहिली. आजारपणामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्या लोकांसाठी त्यांना असंच काहीतरी हवं होतं. झालं! दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी आठवड्याचा कागद छापला जाऊ लागला. सोमवार ते रविवार सात उतारे आणि त्यांवर बाईच्या चार-चार ओळींची सात मननं. बाई टाईप करायची, किल्लीवाला हँडल फिरवायचा आणि त्यांची लेक कागदांच्या घड्या घालायची. रविवारी अडीचशे घरांत कागद पोचायचे.

बाईचं लिहिणं मला फार आवडायचं. मोठमोठे शब्द तिला जमत नसत. एकदा तिने लिहिलं होतं, 'आज दूध उतू गेलं आणि मी सकाळी वाचलेला धीर साफ विसरले. देव मात्र मला विसरला नाही. त्याने मला गॅस पुसायला लावला.' दुसऱ्या एका मननात तिने लिहिलं की टायपिस्ट बटणांकडे बघत नाही, ती जागच्या जागी आहेत असा तिचा भरवसा असतो. तसं देवावर टेकून दिवस काढायला मी शिकते आहे, अजून चुका होतात. मित्रांनो, असं लिहिणारीची मशीन होणं हे माझं भाग्य. शाळेतल्या पेपरांनी कोणाला धीर दिल्याचं मला तरी आठवत नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग एका सकाळी कुलपाच्या दुकानात किल्लीवाला खाली कोसळला. अर्धांगवायूचा झटका होता. तो वाचला, घरी आला, पण बोलणं अडखळू लागलं आणि उजवा हात गेला. तोच तो हात. खांद्यापासून बोटांपर्यंत काही कळेना.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी बाईला सांगितलं, "रोज संध्याकाळी त्यांचा हात हातात घ्या. बोटं चोळा, दाबा. त्यांना कळो न कळो, तुम्ही सोडू नका."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं माझ्या टेबलाशी बसत. बाई त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन विचारायची, "कळतंय का हो?"

तो मान हलवायचा. "नाही."

एवढंच. महिनाभर मी हेच प्रश्नोत्तर ऐकत होते. हँडल आता लेक फिरवायची. तिच्या हाताला सवय नव्हती, तरी तिने एकाही आठवड्याचा कागद चुकू दिला नाही.

आणि मग तो बुधवार आला. उतारे वर्षभर आधी ठरलेले असत, त्यात बदल करायचा नाही असा बाईचा नेम होता. त्या बुधवारचा उतारा नेमका असा होता, की देव आपल्या माणसाचा उजवा हात धरतो आणि त्याला घाबरू नकोस म्हणतो.

आदल्या शुक्रवारी बाईने टाईपरायटरवर स्टेन्सिल चढवली. सोमवार लिहिला, मंगळवार लिहिला. बुधवारची पहिली ओळ टाईप केली आणि लाल द्रव लावून बुजवली. पुन्हा टाईप केली, पुन्हा बुजवली. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा लेक जवळ आली.

"आई, चार वर्षांपूर्वी याच उताऱ्यावर तू छान लिहिलं होतंस. तेच घाल ना. कोणाला आठवतंय?"

"मला आठवतंय," बाई म्हणाली. "तेव्हा तुझ्या बाबांचा हात शाबूत होता. तेव्हा असं लिहायला माझं काय जात होतं?"

मग तिने उताऱ्याखाली एवढंच टाईप केलं: 'यावर मला आज काही लिहिता येत नाही. उतारा मात्र जरूर वाचा.' बाकीची जागा कोरी सोडून ती गुरुवारकडे वळली. सगळं संपल्यावर टाईपरायटरवर कव्हर घालत म्हणाली, "हा शेवटचा कागद. जे मलाच खरं वाटेनासं झालंय, ते लोकांच्या घरात कशाला पाठवू?"

मी तो कागद छापला. त्या कोऱ्या चौकोनावर शाईचा एक ठिपकाही पडू नये म्हणून मी जिवापाड काळजी घेतली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा जिना, झाडू आणि बादल्या. पण खरं सांगू? स्वतःपेक्षा मला बाईचीच काळजी जास्त वाटत होती. तिने उतारा वाचायचं सोडलं नव्हतं. ती रोज वाचत होती, आणि वाचून झाल्यावर वही न उघडता उठत होती.

बुधवारी संध्याकाळी दाराखालून एक घडी आत सरकली. आमचाच कागद होता, पण बुधवारच्या कोऱ्या जागेत गल्लीत पाव विकणाऱ्या मावशींनी लिहिलं होतं की त्यांनाही नवरा गेला तेव्हा दोन वर्षं काही सुचत नव्हतं. मग आणखी कागद आले. तिसरीतल्या एका मुलीने त्या जागेत एक मोठा हात काढून पाठवला. बोटं सहा होती, पण हात भक्कम होता. बाईने सगळं वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवून दिलं. तिचा चेहरा तसाच राहिला.

गुरुवारी वरच्या मजल्यावरचा घड्याळजी आला. हा माणूस महा तिरसट. आमचा कागद तो वर्षानुवर्षं घेत असे, पण का घेतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. दारातूनच त्याने कागद पुढे केला, "तुमचा आहे," म्हणाला आणि जिना चढून गेला.

बाई तेव्हा नवऱ्याचा हात धरून बसली होती. तिने एका हाताने कागद उलगडला आणि मोठ्याने वाचू लागली. मुंगीएवढं अक्षर होतं.

"'बाई, तुमचं मनन मी कधी वाचत नाही. काच पुसायला कागद बरा पडतो म्हणून घेतो. या वेळी कोरी जागा दिसली, वाटलं छपाईत दोष आहे. दोष दिसला की मला राहवत नाही, म्हणून उतारा वाचला. दोनदा वाचला. हात बरा होईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हात धरलेला आहे, एवढंच लिहिलंय.'"

बाई थांबली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. त्यात नवऱ्याचा तो निर्जीव हात होता, बोटांत बोटं अडकवलेली.

"कळतंय का हो?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाही," किल्लीवाला म्हणाला. मग बराच वेळ शब्द गोळा करत राहिला. "कळत... नाही. पण तू... धरतेसच की. रोज."

बाई रडली. एकोणीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. लेकही दारात उभी राहून रडत होती. मग बाईने पदराने डोळे पुसले, नवऱ्याचा हात न सोडता लेकीला म्हणाली, "स्टेन्सिल काढ गं. उद्या शुक्रवार आहे."

त्या आठवड्याच्या कागदावर सगळ्यात वर तिने लिहिलं: 'गेल्या बुधवारचं मनन आज लिहिते. मी धरलेलं माझ्या नवऱ्याच्या हाताला कळत नाही, तरी मी रोज धरते. मग मला काही कळलं नाही, एवढ्यावरून देवाने माझा हात सोडला असं मी कसं ठरवलं?'

छापायची वेळ झाली तेव्हा किल्लीवाला उठून माझ्याजवळ आला आणि डावा हात पुढे केला. पण माझं हँडल उजव्या बाजूला. कागद भरायच्या बाजूने डाव्या हाताने ते फिरवणं काही केल्या जमेना. लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या, मी करते."

बाई म्हणाली, "राहू द्या काय? मशीनच फिरवू या."

तिघांनी मिळून टेबल भिंतीपासून ओढलं आणि मला उलटं ठेवलं. माझं कागद भरायचं तोंड भिंतीकडे गेलं आणि हँडल किल्लीवाल्याच्या डाव्या हाताशी आलं. लेक भिंतीच्या आणि माझ्या फटीत अंग चोरून उभी राहून कागद भरू लागली. पहिले दहाबारा कागद असे काळेकुट्ट आणि तिरके निघाले की मला लाज वाटली. पण मग ताल सापडला. पूर्वी त्याच्या बाजूला कोरे कागद असायचे, आता छापलेले येऊन पडू लागले. आलेला प्रत्येक कागद तो वाचायचा, मग पुढचा फेरा. अडीचशे प्रतींना मध्यरात्रीपर्यंत वेळ लागला, पण घाई कोणालाच नव्हती.

तो अकरा वर्षं हँडल फिरवत राहिला. उजव्या हाताला शेवटपर्यंत काही कळलं नाही. बाईने शेवटपर्यंत धरायचं सोडलं नाही. आणि दर आठवड्याच्या कागदात बुधवार कोरा राहू लागला, वाचणाऱ्यांनी स्वतः लिहावं म्हणून. घड्याळजीचा कागद मात्र काच न पुसता दर आठवड्याला भरून परत यायचा.

आता किल्लीवाला नाही. मननं लेक फोनवरून पाठवते, ती क्षणात हजार घरांत पोचतात. माझी शाई कधीच वाळली. बाई खूप म्हातारी झाली आहे, पण रोज सकाळी माझ्या टेबलाशी बसून उतारा मोठ्याने वाचते. कधी कधी तिला त्यातलं काहीच उमजत नाही. मग पुस्तक मिटते, माझ्या मुठीवर हात ठेवते आणि तशीच बसून राहते.

घरी येणारे पाहुणे मला बघून म्हणतात, ही मशीन उलटी ठेवली आहे, सरळ तरी करा. मित्रांनो, तुम्ही कधी आलात तर मला सरळ करू नका. माझ्यावरची धूळ पुसा, मला आवडेल, पण मूठ जपून पुसा. मी लोखंडाची, मला कोणी धरलं ते कधी कळायचं नाही. पण मुठीवरचं काळं पॉलिश कुठे गेलं ते बघा. खालचं लाकूड दिसतं आहे.