शिसवी क्लॅरोनेट

धुळ्याच्या लोटनला सासुरवाडीला कधी मुक्काम करता आला नाही, आणि त्याला कारण होतं एक क्लॅरोनेट. त्याचे वडील धनसिंग, म्हणजे आबा, यांनी बँडमध्ये उभी हयात ते फुंकलं. ज्या साली लोटनची आई गेली, त्याच साली आबांचे दात पडले आणि वाद्य लोटनकडे आलं. सोबत अटीही आल्या. वाद्यानं रात्री आपल्याच देव्हाऱ्याखाली निजायचं आणि रोज सकाळी त्यात घरच्याच माणसाचा श्वास जायचा. धुळ्याचा उन्हाळा म्हणजे भट्टी. "शिसवी लाकूड शे. एक दिन फुकं नही ते तडकी जाई," असं आबा खाटेवरून सांगायचे, पण पोलीस पाटलाच्या ऐटीत.

एका मे महिन्यात दीपनगरच्या एका शाळेनं लोटनला बँडमास्तर म्हणून बोलावलं. राहायला क्वार्टर, वाजवायला शाळेचीच वाद्यं. सोमवारी हजर व्हायचं होतं. बायको पुष्पाबाईनं ट्रंक भरलीसुद्धा. आबा मात्र धुळं सोडायला तयार नव्हते, आणि लोटन तर लाकडालाच जुंपलेला. घरात त्याचा जीव गुदमरायचा, पण आबांपुढे तोंड उघडायची सवय नव्हती.

शनिवारी क्लॅरोनेटच्या एका चावीची स्प्रिंग तुटली, म्हणून तो एसटीनं जळगावला चिंधा कारागिराकडे गेला. चिंधानं आधी बोटांखालच्या कड्या पाहिल्या. "दोनच कड्या. जुनं मॉडेल. नव्याला सहा असतात." स्प्रिंग बसवता बसवता त्यानं विचारलं, "याला एवढं तेल कोण पाजतं?"

"लाकूड आहे ना. तडकेल."

चिंधाला हसू आलं. त्यानं नळी उजेडाकडे धरून आतून दाखवली. लाकडाची एकही रेषा नव्हती. मग पाठीवरचा रंग दाखवला, तो उन्हानं वाळल्या मेंदीसारखा झालेला. शेवटी फडक्यानं खसाखसा घासून त्यानं ते लोटनच्या नाकाशी धरलं. सायकलच्या ट्यूबचा नि काडेपेटीचा मिळून वास आला.

"एबोनाइट. कडक रबर. कुलपात ठेवून खुशाल काशीला जा."

लोटनला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं तो रबरासाठी घरी झोपायला येत होता!

परतीच्या एसटीत तो मनातल्या मनात आबांशी कडाकडा भांडला. घरी येताच त्यानं क्लॅरोनेट खाटेवर ठेवलं. "आबा, हाई लाकूड नही. रबर शे. सोमवारले मी जासू."

आबांनी वाद्यावरून बोट फिरवलं. "माले ठाऊक शे," ते म्हणाले. "तुनी माय गई. तू बी निंघी जाशी असं वाटनं. तवय मी त्याले लाकूड करं."

पुष्पाबाई दारात उभी होती. लोटनला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले. आजवर लाकडावर खापर फोडता येत होतं. आता मधे काहीच उरलं नव्हतं, नुसते आबा होते.

"तेल लाव त्याले," आबा हळूच म्हणाले.

लोटननं कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, फडकं बुडवलं आणि रबराला तेल लावू लागला. पुष्पाबाई आत गेली आणि ट्रंकेतले कपडे एकेक करून परत दांडीवर टाकू लागली.