सावकाश फिरणारी तबकडी

धाकटीने बास गिटार हातात घेतली ती बाबांच्या एका तबकडीपायी. जुनीपुराणी, दोन्ही बाजूंना एकेकच गाणं असलेली छोटी तबकडी. त्यातल्या एका गाण्याला पोस्ट-पंक म्हणा नाहीतर न्यू वेव्ह, परदेशी रॉकचाच एक प्रकार. बाबा नुसतं 'आपलं गाणं' म्हणत. घुमणारा बास, खडखडीत ड्रम आणि एक भारदस्त पुरुषी आवाज, जगाला कंटाळलेला आणि तरी कोणाची तरी वाट बघणारा. कितीदा ऐकलं तरी ते शिळं होत नसे.

आता रविवारी कॉफीच्या दुकानात तिच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता आणि शेवटी हेच गाणं होतं. पंखे, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करणारे बाबा सहसा दुकान सोडून हलत नसत, पण या वेळी स्वतःहून म्हणाले, "आपलं गाणं आहे ना, मग पुढेच बसणार."

तालीम बेकरीमागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांच्या गराड्यात चालायची. ड्रमवर बेकरीवाला, गायला दातांची डॉक्टरीण. त्या दिवशी हे गाणं पहिल्यांदाच घेतलं, तर दोघं सुसाट सुटली आणि धाकटी आपली रमतगमत मागून येतेय.

"अगं, झोप लागली का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तुम्हीच पळताय. आणि गाणारा पुरुष आहे, जरा जड आवाजात म्हणा की."

डॉक्टरणीने फोनवर मूळ गाणं लावलं. त्यात एक पोरगी चांगली चुरूचुरू गात होती. धाकटीचं तोंड उघडंच राहिलं.

"ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने लावायची तबकडी आहे बाई," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्या घरी तेहतीसवर फिरतेय, म्हणून गाणं सावकाश आणि आवाज पुरुषी." दोघं पोट धरधरून हसली.

धाकटीही हसली, पण मनातून पार खचली. घरच्या रेकॉर्ड प्लेअरचा वेगाचा खटका तिला कळायला लागल्यापासून जाम होता. आता मूळ वेगात वाजवलं तर बाबांच्या गाण्याची माती होणार, आणि हळू वाजवलं तर बँडची.

शनिवारी संध्याकाळी तिने धीर करून सांगून टाकलं. बाबा पंखा उघडून बसले होते. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली आई शेजारी शब्दकोडं सोडवत होती.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "खटका मीच जाम केलाय."

"तुम्ही? लोकांची यंत्रं दुरुस्त करता आणि घरचं बिघडवून ठेवता?"

बाबा चक्क लाजले. "नवीन लग्न झालेलं. तुझ्या आईला कायम रात्रपाळी. निघताना म्हणायची, एक गाणं ऐकते आणि जाते. गाणं कसलं, बसेपर्यंत संपायचं. एकदा गुपचूप खटका खाली ढकलला, तर बाईसाहेब जवळजवळ मिनिटभर जास्त बसल्या. मग कशाला वर करू?"

"आणि आईला कळलं नाही?"

"आत्तापर्यंत नव्हतं कळलं," बाबा हळूच म्हणाले. "आता तू बोंब मारलीस."

"मला काय कान नव्हते?" आई कोड्यातून मान वर न करता म्हणाली. "बाईचा बाप्या झाला गाण्यात, आणि मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?" धाकटीने विचारलं.

"बोलले असते तर यांनी दुरुस्त केलं असतं."

बाबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. आईने कोड्यात एक शब्द भरला.

रविवारी गाणं मूळ वेगात झालं आणि लोकांनी टाळ्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. बाबाही टाळ्या वाजवत होते, पण जरा पाहुण्यासारखे. आई निघायला म्हणून पर्स उचलून उठली. पुन्हा एकदा म्हणा, असं कोणीतरी ओरडलं, तसा बेकरीवाला सरसावला. धाकटीने त्याला हाताने थोपवलं आणि एकटीनेच बास सुरू केला, घरच्यासारखा, सावकाश.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पर्स खाली ठेवली आणि पुन्हा बसली.