डावखुरे टाके

“सुया काढ त्याच्या हातातून. मुलगा आहे तो.”

चाळीस वर्षांपूर्वीचा नवऱ्याचा हा आवाज आज सकाळपासून तिच्या कानात घोंघावत होता. चढलेला आवाज नव्हता तो. आमटीत मीठ जास्त झालंय, असं सांगावं तितकाच. नवरा जाऊनही सहा वर्षं झाली होती.

निमित्त झालं दुकानवालीचं. बाळांच्या कपड्यांचं दुकान चालवणारी ही बाई सकाळीच नवी मागणी सांगायला आली आणि मागच्या खेपेतली एक लोकरीची विजार नमुन्याला ठेवून गेली.

“काकू, अशाच आठ हव्यात. मागची बाजू अलीकडे काय सुरेख बसते. हात अजून तरणा आहे हो तुमचा. बाळं रडतात सगळी सारखीच, पण तुमच्या विजारीत जरा सुरात रडतात.”

ती हसली. दुकानवाली गेल्यावर तिने विजार मांडीवर घेतली, आणि हसू ओठांवरच विरलं.

लंगोटावर घालायच्या विजारीची सगळी मेख मागच्या बाजूत. पुढच्यापेक्षा ती कंबरेशी दोन बोटं उंच लागते, नाहीतर बाळ ओणवं झालं की पाठ उघडी. त्यासाठी ओळ पुरी न करता मध्यातूनच परतायचं, पुन्हा थोडं पुढे जायचं, पुन्हा परतायचं. गेल्या वर्षापासून तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. परतायची जागा चुकली की तिला विणतानाच कळायचं. तरी ती विजार पिशवीत टाकायची, आणि कुणी परत पाठवली नाही की हळूच सुस्कारा सोडायची.

या विजारीत चूक नव्हती. टाके घट्ट, एकसारखे, आणि सगळे उलट्या अंगाला कललेले. पाय तिच्या हातचे, कंबर दुसऱ्याच हातची.

गल्लीतल्या कितीजणींना तिने विणायला शिकवलं होतं. त्यांत डावखुरं एकच होतं, आणि ती कुणी मुलगी नव्हती.

ती उठली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. दूध तापत ठेवलं आणि उतू घालवलं. मग नव्या विजारीचे टाके घातले. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट; मन कुठे, सुई कुठे. तीनदा उसवलं. घड्याळाकडे पाहून पाहून मान अवघडली. मुलगा पाणीखात्यात कारकून. आज शनिवार, अर्ध्या दिवसाने येणार.

तो आला, चप्पल काढतोय तोच तिने विजार त्याच्यापुढे धरली.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मला शेंड्या लावू नकोस. ही कंबर तुझी आहे.”

तो आधी पाणी प्यायला. सगळा तांब्या संपवला.

“गेल्या थंडीपासून. दुकानात पोचवायला मीच नेतो ना? वाटेत ऑफिस लागतं. जेवणाच्या सुट्टीत दप्तरखान्याचं दार लावतो, कंबर उसवतो, परत विणतो. लोकांना वाटतं, डबा कुणाला द्यावा लागू नये म्हणून लपून खातो. हावरट म्हणतात मला.”

तिला हसू आलं असतं, पण आलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू सुया ठेवून दिल्या असत्यास. आणि मग दिवसभर माझं डोकं खाल्लं असतंस.”

खरंच होतं ते.

“इतकी वर्षं लक्षात कसं राहिलं तुझ्या?”

“हाताच्या लक्षात होतं.” त्याने विजार घेतली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला. “धाकटी पाळण्यात होती, तिच्यासाठी केली होती बघ मी, ती पिवळी. शाळेतून आलो तर खाटेवर नुसता लोकरीचा गुंडा. बाबांनी निदान एक पाय तरी ठेवायचा.”

हे तो हसत बोलला. पण त्या दिवसापासून बापाशी त्याचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. दवाखान्यात बापाने शेवटी हात पुढे केला, तेव्हा हा औषधांची चिठ्ठी वाचत उभा राहिला. ती पलंगाच्या पायथ्याशी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“चहा टाकते,” म्हणत ती उठली.

“बस गं आई. सकाळपासून सगळं घर खालीवर केलेलं दिसतंय.”

ती बसली. हात मात्र बसेनात. पदराचं टोक पिळत राहिले.

“ती पिवळी विजार...”

“जाऊ दे गं आता.”

“नाही जाऊ देत. तुझ्या बाबांनी तिला हातसुद्धा लावला नव्हता. ते बोलले आणि कामावर गेले. संध्याकाळी त्यांच्या नजरेला पडली तर तुला मार बसेल, या धास्तीने मी उसवली. एका ओढीत. तू गुंडा बघून रडलास, त्यांचं नाव घेतलंस, आणि मी घेऊ दिलं.”

मुलाचा अंगठा टाक्यांवर थांबला.

“मागची बाजू बरोबर बसली होती रे,” ती म्हणाली. “पहिल्याच खेपेला.”