कट म्हणेपर्यंत

माझी पाठ तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल. घोड्यावरून पडते ती मी, जिन्यावरून गडगडते ती मी, आणि पुढच्याच क्षणी मागे वळून डोळ्यांत पाणी आणते ती हिरॉईन. अकरा वर्षं हे चाललंय. युनिटमध्ये मला सगळे डुप्लिकेट म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. वाटलं असतं तर केव्हाच दुसरा धंदा पाहिला असता.

या सिनेमाची गोष्ट एका मुलीची. कमांडोंच्या ट्रेनिंगला निघालेली पहिली मुलगी. पुरुष हसतात, अधिकारी नाकं मुरडतात, आणि ती सगळ्यांना पुरून उरते. गोष्ट ठीकच होती, फक्त हिरॉईनने ती मनावर घेतली. आधीच्या सिनेमानंतर कुणीतरी छापलं होतं की घोड्यावर दुसरीच बाई होती आणि ही तेव्हा सावलीत पाय पसरून बसली होती. खरंच होतं ते, घोड्यावर मीच होते. पण तिला झोंबलं. या वेळी तिने अटच घातली की एकही शॉट डुप्लिकेटचा नको. दिग्दर्शकाला काय, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला ठेवलं होतं ते विम्याच्या कागदांपुरतं. मी रोज तिच्यासारखाच युनिफॉर्म चढवून खुर्ची उबवायचे.

पाण्याचा सीन एका जुन्या गोदामात होता. दोन पुरुष खोल लोखंडी टाकी, एका बाजूला जाड काच, काचेमागे कॅमेरा. मुलीचे हात मागे बांधून तिला पाण्यात सोडतात आणि तिने तळाशी बसून राहायचं. वर तरंगू नये म्हणून कमरेला शिशाचा पट्टा.

आम्हा स्टंटवाल्यांची गाठ दिसायला घट्ट असते, पण दोरीचं टोक आपल्याच मुठीत राहतं. ओढलं की हात मोकळे. दोन दिवस घासून मी तिला ती शिकवली आणि पोरीला छान जमली. पण काचेतून ते टोक दिसत होतं. "खोटं वाटतंय," दिग्दर्शक म्हणाला. झालं! तिने उस्तादांपुढे हात मागे केले. "खरी बांधा." उस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले प्रशिक्षक, आयुष्यभर खऱ्या जवानांना पाण्यात ढकललेला माणूस. त्यांनी खरी बांधली.

आमच्या धंद्यात 'कट' हा शब्द एकट्या दिग्दर्शकाचा. दुसऱ्या कुणी उच्चारला तर त्याने चपला घालून घरी जायचं. ही पाण्याखाली त्या शब्दाची वाट बघणार. दिग्दर्शक उस्तादांच्या चेहऱ्याकडे बघणार, कारण पाण्यातलं त्यांना कळतं. आणि उस्तादांना ताकीद होती की कट म्हणेपर्यंत चौकटीत हात दिसता कामा नये. त्यामुळे ते दिग्दर्शकाकडे बघणार. असला हा बारभाईचा कारभार.

पहिला टेक सुरू झाला. मी काचेच्या कडेला उभी होते. आधी बुडबुडे माळेसारखे वर येत होते, मग एकेक, मग थांबले. तिचे डोळे उघडे होते आणि नजर माझ्यावर होती. दिग्दर्शक उस्तादांकडे बघत होता. उस्ताद दिग्दर्शकाकडे.

मी टाकीची शिडी चढले आणि उडी मारली.

वर आल्यावर ती खोकली, दम लागेपर्यंत खोकली, आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली, "कुणी सांगितलं होतं तुला? होता की श्वास अजून!"

"सोन्यासारखा शॉट घालवलास," दिग्दर्शक म्हणाला.

"शॉट गेला तर दुसरा मिळेल हो. पोरगी कुठून आणणार?" माझी जीभ अशीच आहे. "उद्यापासून येऊ नकोस," त्याने सांगितलं.

मी कपडे बदलत होते तेव्हा ती आत आली आणि दाराला कडी घातली. ओठ अजून निळसर होते. तिने माझा हात धरला.

"ताई, तू पाहिलंस ना?"

"काय?"

"मी घाबरले होते. जीव जातोय असं वाटलं. हात सुटेनात." ती रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. "कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर ते तुला पाण्यात उतरवतील आणि मी पुन्हा सावलीत बसेन. शपथ घे."

"अगं वेडे, मी सांगते ना, निदान गाठ तरी..."

"शपथ घे, ताई."

मी घेतली. अकरा वर्षांत कुठल्या हिरॉईनने मला ताई म्हटलं नव्हतं. विरघळले मी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी सकाळी गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. रखवालदार आत सोडेना. तोंड उघडलं असतं तर सोडलं असतं. एक वाक्य पुरे होतं, की तिला भीती वाटतेय, तिला विचारा. आतून "सायलेन्स" ऐकू आलं आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी पत्र्याला कान लावून उभी होते. मला तो शब्द हवा होता, कुणाच्याही तोंडून. तो आलाच नाही. मग एकदम पाण्यात धपाधप उड्या पडल्याचे आवाज आले आणि कुणीतरी किंचाळलं.

दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली होती.

दुपारी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं, मलाही. खुर्चीत एक गणवेशातला पोलीस अधिकारी वही घेऊन बसला होता. उस्ताद खाली मान घालून उभे होते. दिग्दर्शकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काल तुम्हीच तिला बाहेर काढलंत ना?" अधिकाऱ्याने मला विचारलं. "तेव्हा ती घाबरली होती का? तुमच्याशी काही बोलली होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काचेपलीकडचं पाणी आता निश्चल होतं. तिने मरेपर्यंत जे झाकलं, ते मी या माणसांपुढे उघडं करणार होते. आणि खरं सांगायचं तर त्याचा पुढचा प्रश्नही मला माहीत होता. तो विचारणार होता, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?

"नाही," मी म्हणाले. "ती कशालाच घाबरत नव्हती."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. माझ्यामागे कुणीतरी हळूच म्हणालं, "वाघीण होती," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.