बरा झालेला माणूस

"अहो, जरा जोर लावा. उजवा पाय टेका, उजवा."

"टेक... टेकतोय की."

"कुठं टेकताय? माझ्या पायावर उभे आहात तुम्ही."

रंगारी यावर हसला. अर्ध्याच तोंडानं हसला, कारण उरलेलं अर्धं तोंड लकव्यानं नेलं होतं. त्या हसण्यानं त्याच्या अंगात होता नव्हता तेवढा ताठा गेला आणि तो पुन्हा खाटेच्या कडेवरून घसरून जमिनीवर बसला. बायको त्याच्यासोबत खाली आली. दोघं तसेच धापा टाकत बसून राहिले, जत्रेतून दमून आलेल्या पोरांसारखे.

हा माणूस एके काळी उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. दोरीच्या झुल्यावर बसून, खाली बघत, बिडी ओढत. आता त्याला खाटेवर बसवायचं तर बायकोनं काखेत हात घालून, गुडघा खाटेला टेकवून, दात-ओठ खाऊन उचलायचं. ती कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर होती. तिथं तिला सगळे काजबाई म्हणत, आणि तेच नाव पुढं गल्लीत नि चर्चमध्येही चिकटलं.

दारावर थाप पडली. "ताई, आहात का?"

आवाज कंपाउंडरचा होता. रंगाऱ्यानं डोळे मोठे केले आणि चांगला हात हलवला. सांगू नको. काजबाईनं त्याची पाठ खाटेच्या पायाला टेकवली, मधला पडदा ओढला, पदरानं तोंड पुसलं आणि दार अर्धं उघडलं.

कंपाउंडर एका डॉक्टरकडं पुड्या बांधायचा आणि चर्चमध्ये साक्षी बघायचा. म्हणजे देवानं कुणाचं काय भलं केलं हे रविवारी कुणी उभं राहून सांगायचं, आधी कोण, मग कोण, हे तो ठरवायचा. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

"भाऊ काय करतायत?" त्यानं विचारलं.

"बसलेत."

हे खोटं नव्हतं.

"बसलेत? आपले आपण?" कंपाउंडरचा चेहरा उजळला. "प्रभूची स्तुती असो. बघा ताई, काम चालूच आहे त्याचं. बरं, रविवारी उपकारस्तुतीची उपासना. बाहेरून मोठे पाळक येतायत. तुमची साक्ष पहिली ठेवलीय. भाऊ चालत आले तर सोन्याहून पिवळं. नाही जमलं तर तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"जे झालं तेच."

तो गेला. काजबाईनं दार लावलं. पडद्यामागून रंगारी म्हणाला, "आणखी एक... चमत्कार झाला वाटतं."

जे झालं ते असं होतं. लकवा झाल्यावर चर्चमधून कंपाउंडर आणि एक ड्रायव्हर असे दोघं दर एक दिवसाआड सकाळी यायचे. दोघं मिळून रंगाऱ्याला मोरीत न्यायचे, आंघोळ घालायचे, कोरडा करून परत आणायचे. काजबाईला फक्त पाणी तापवायचं काम. एकदा परत येताना ड्रायव्हरचा हात सुटला, कंपाउंडरचाही सुटला आणि रंगारी खिडकीचा गज धरून क्षणभर उभा राहिला. पाऊलही टाकलं त्यानं एक. पडता पडता माणूस टाकतो तसलं. पण कंपाउंडरनं ते पाहिलं आणि तो रडायला लागला. खरंखुरं रडला. पुढच्या रविवारी त्यानं भर सभेत सांगितलं की आपला भाऊ चालला. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. रंगाऱ्याचं नाव प्रार्थनेच्या विनंत्यांच्या यादीतून निघून उपकारस्तुतीच्या यादीत गेलं. ज्याच्यासाठी देवाकडं मागायचं असतं त्याच्याकडं माणसं जातात. ज्याच्यासाठी आभार मानून झालेत त्याच्याकडं कशाला जातील? कंपाउंडर आणि ड्रायव्हर दुसऱ्या एका आजाऱ्याच्या घरी जाऊ लागले. त्यात त्यांचं काय चुकलं?

चुकलं तिचं. ती त्या रविवारी तिथं बसली होती आणि गप्प राहिली. एक तर तिलाही वाटत होतं की असेल, झालं असेल, आपल्याच डोळ्यांवर पडदा असेल. आणि दुसरं म्हणजे त्या चर्चमध्ये सगळ्यांचं एक ठाम मत होतं: मिळालेल्या आशीर्वादावर अविश्वासाचं अक्षर काढलं की आशीर्वाद आल्या वाटेनं परत जातो. मग नवरा पडला तर दोष कुणाचा? बायकोच्या विश्वासाचा. लकव्याचा नाहीच. काय सोयीचा हिशेब आहे बघा. ज्यानं उचलायचं त्याच्याच माथी मारायचं.

कारखान्यात तिचं मशीन खिडकीपासून लांब, बटणवालीच्या शेजारी. शर्टाची पट्टी मशीनच्या पायाखाली सरकवायची, खटका दाबायचा, सुई गरगर टाके घालते आणि शेवटी पातं पडून कापड चिरतं. पातं पडलं की पडलं, मग उसवून उपयोग नाही. कंपाउंडर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बटणवालीनं एक शर्ट वर धरला.

"काजबाई, तुझी काजं उताराला लागलीत. हे बघ, शेवटचं पार पोटाखाली गेलंय. हा शर्ट कोण घालणार?"

"दे इकडं."

"कंबर दुखतेय ना?"

"थोडी."

"नवरा बरा झाला म्हणतात. मग तुझी कंबर कशी मोडली? नाचतो काय तिच्यावर?"

काजबाई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मशीनच्या खडखडाटात तिनं सगळं सांगून टाकलं. आंघोळ, खिडकीचा गज, टाळ्या, आणि आता त्याच्या पाठीला पडलेली जखम, कारण एकट्या बाईला तो धड वळवता येत नाही. चर्चमधल्या कुणाला न सांगितलेलं तिनं आधी सांगितलं ते या बाईला, जिनं कुठल्याच देवापुढं कधी हात जोडले नव्हते.

"मग सांग ना तुझ्या लोकांना," बटणवाली म्हणाली. "तुमचा देव रागावतो का?"

"देव नाही रागावत. माणसं खट्टू होतात."

"होऊ देत की. तू काय त्यांची सासू आहेस, सांभाळत बसायला?"

शनिवारी संध्याकाळी तिनं रंगाऱ्याची जखम धुतली. वास येत होता. ती तोंडानं श्वास घेत होती आणि मनात एकच वाक्य घोळवत होती, जे ती गेले कित्येक दिवस त्याला उचलताना म्हणायची: प्रभू, आता तू धर. कधी वाटायचं त्यानं धरलंय. बरेचदा वाटायचं की खोलीत आपण दोघंच आहोत आणि त्यातला एक अर्धाच आहे. तरी ती म्हणायची. तिसरं कुणी नव्हतंच म्हणायला. लेक सासरी लांब, तिच्या मागं तिची तान्ही.

"उद्या मी सांगणार आहे," ती म्हणाली.

"काय?"

"खरं काय ते."

आधी त्यानं चांगला हात हलवला. मग म्हणाला, "नको."

"का?"

"ड्रायव्हर... खिडकीतून हाक मारतो. काय चालणारे भाऊ, म्हणतो." त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "आधी... बिचारा म्हणायचे. आता... कुणी नाही म्हणत."

तिचा हात थांबला. हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं खोटं ती एकटीच ओढतेय.

"मी थकलेय हो," ती म्हणाली.

"देवाला... माहितीय ना."

"देवाला माहितीय. पण देव सकाळी येऊन बादली उचलत नाही. त्यासाठी त्यानं माणसं पाठवली होती आणि ती आपण गप्प बसून परत घालवली. आता त्याच्याकडं कुठल्या तोंडानं मागू? दिलेलं परत केलं आणि पुन्हा दे म्हणू?"

रंगाऱ्यानं रागानं भिंतीकडं वळायला बघितलं. वळता येईना. शेवटी तिनंच त्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला आणि त्याला कुशीवर केलं, भिंतीकडं तोंड करून.

रविवारी सभागृह भरलं होतं. पाहुणे पाळक पुढच्या खुर्चीत, डोळे मिटून. कंपाउंडरनं तिचं नाव पुकारलं आणि तो एवढा आनंदानं बघू लागला की तिला वाटलं, बसावं खाली.

"माझे मालक चालत नाहीत," ती म्हणाली. "ते त्या दिवशी पडत होते आणि त्यांनी गज धरला. मी ते पाहिलं होतं आणि बोलले नाही. ही माझी चूक. मी त्यांना एकटीनं उचलते, मला होत नाही. त्यांच्या पाठीला जखम झालीय."

पाहुण्यांनी डोळे उघडले.

"प्रभू त्यांना बरं करील का, मला ठाऊक नाही. नाही केलं तरी मी त्याला सोडणार नाही, मी कुठं जाऊ? पण मला सकाळी माणूस हवाय. एवढंच."

ती बसली. आमेन कुणी म्हटलं नाही. चर्चच्या पाळकांनी घाईनं गीत काढलं आणि लोक नेहमीपेक्षा मोठ्यानं गायले. कंपाउंडर गात नव्हता. तो जमिनीकडं बघत होता.

बाहेर पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, तिचा दंड धरला. "ताई, आधी आम्हाला खाजगीत सांगायचं होतंत. पाहुण्यांसमोर असं..."

"ते बरे झाले हे चारचौघांत सांगितलं होतं ना, पाळकीणबाई. मग हेही तिथंच."

ती घरी पोचली तेव्हा रंगारी खिडकीकडंच बघत होता. त्याला कळलं होतं. ड्रायव्हर तिच्या आधीच खिडकीवरून गेला होता, हाक न मारता.

सोमवारी कुणी आलं नाही. काजबाईनं त्याला एकटीनं उचललं. प्रभू, आता तू धर, म्हणाली. कारखान्यात दिवसभर उभी राहिली, कारण बसलं की उठता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. कंपाउंडर एकटाच होता. त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्याकडं न बघता आत गेला. "ड्रायव्हर नाही येत म्हणाला," एवढंच बोलला. एका बाजूनं तो, एका बाजूनं ती, असा रंगारी मोरीत गेला. कंपाउंडरनं जखम पाहिली तेव्हा त्याच्या हातातला तांब्या थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं पाणी हळू सोडलं, जखमेच्या कडेनं.

"मला खरंच वाटलं होतं, ताई," तो म्हणाला.

"मलाही."

कोरडं अंग, कोरडी चादर. रंगारी खाटेवर टेकून बसला. पूर्वी या वेळी कंपाउंडर प्रार्थना करायचा, मोठ्या आवाजात, पाठ केल्यासारखी. त्यानं सवयीनं डोळे मिटले, तोंड उघडलं. काही आलं नाही. तो खोकला, पुन्हा उघडलं. नाहीच.

मग रंगाऱ्यानं सुरुवात केली. आजारी पडल्यापासून त्यानं प्रार्थना केली नव्हती, सगळे त्याच्यासाठीच करत आले होते. त्याचा एकेक शब्द ओठाच्या कोपऱ्यातून ओला होऊन पडत होता आणि निम्मे समजत नव्हते. आधी 'बाप' असं काहीतरी. मग 'पाणी'. मग बराच वेळ तो एका शब्दापाशी अडला, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काजबाईला कळलं की तो कंपाउंडरचं नाव घ्यायला बघतोय. तिला ते त्याच्याऐवजी म्हणता आलं असतं. ती गप्प राहिली.

कंपाउंडरला दवाखान्यात उशीर होत होता. दुमडलेल्या पँटमधून पाणी गळून त्याच्या पायाशी डबकं झालं होतं. मान खाली घालून, नाव पुरं व्हायची वाट बघत, तो तसाच उभा राहिला.